एकतीसमधले अकरा

टेक्सासच्या कृष्णवर्णीय नेत्या बार्बरा जॉर्डन यांचं नाव काढलं की अमेरिकेतल्या एका अख्ख्या पिढीच्या कानात आधी आवाज घुमतो. २५ जुलै १९७४ला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या महाभियोगावर बोलताना टीव्हीवर ऐकलेला, खर्जातला, एकेक अक्षर तोलूनमापून टाकणारा. त्यांच्यावर लिहिणारे बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात आणि तिथेच रमतात. मला मात्र वक्तृत्व ही बाईंची दुसऱ्या क्रमांकाची कला वाटते. पहिली कला मतं मोजण्याची. कोण आपल्या बाजूला, कोण विरुद्ध, कोण कुंपणावर, आणि ऐन मतदानाच्या क्षणी कोण खुर्चीत असेल नि कोण बाहेर गप्पा छाटत उभा असेल, याचा हिशेब. तो हिशेब त्या टेक्सासच्या राजधानीत, ऑस्टिनला शिकल्या, तिथल्या राज्य सिनेटमध्ये (विधिमंडळाच्या वरच्या सभागृहात), वॉशिंग्टनला जाण्याच्या कितीतरी आधी.

जन्म २१ फेब्रुवारी १९३६चा, ह्यूस्टनच्या फिफ्थ वॉर्डातला. ही कृष्णवर्णीयांची वस्ती. वडील बॅप्टिस्ट धर्मोपदेशक, जोडीला गोदामात नोकरी. टेक्सास सदर्न विद्यापीठात वादविवाद गाजवून त्यांनी १९५६ला पदवी घेतली, १९५९ला बॉस्टनहून वकिली शिकून त्या परत आल्या आणि आईवडिलांच्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर पक्षकारांची कागदपत्रं मांडून बसू लागल्या. १९६०ला केनेडी-जॉन्सन यांच्या प्रचारात पाकिटांवर पत्ते लिहिण्याचं, ती चिकटवण्याचं काम होतं. मग एके दिवशी ठरलेला वक्ता आला नाही म्हणून त्या बोलायला उभ्या राहिल्या आणि पाकिटांचं काम तिथेच सुटलं. पण त्या प्रचारातून त्यांनी उचललेली खरी गोष्ट वेगळीच होती: दर गल्लीला एक माणूस. त्या माणसाला आपल्या गल्लीतली घरं माहीत, घरातली मतं माहीत, आणि मतदानाच्या दिवशी कोणाला गाडीतून न्यायला लागेल हेही माहीत.

एवढं हाताशी असूनही त्या १९६२ आणि १९६४ अशा दोन निवडणुका हरल्या. दोन्ही राज्याच्या खालच्या सभागृहासाठी. का हरल्या ते समजून घ्यायचं तर मतदारसंघाची रचना पाहावी लागते. हॅरिस काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) म्हणजे ह्यूस्टन आणि त्याचा पसारा. या काउंटीला खालच्या सभागृहात डझनभर जागा होत्या, पण त्या जागांचे वेगवेगळे मतदारसंघ पाडलेले नव्हते. प्रत्येक जागेसाठी अख्खी काउंटी मत द्यायची. कृष्णवर्णीय लोकसंख्या साधारण पाचवा हिस्सा. फिफ्थ वॉर्डातल्या प्रत्येक गल्लीने एकजात जॉर्डनना मत दिलं, तरी काउंटीच्या दुसऱ्या टोकाची गोरी उपनगरं त्या गठ्ठ्यावर सहज मात करायची. त्यातही काही विद्यापीठातले सहानुभूतीदार गोरे त्यांना सांगत की तुमचा आवाज, तुमचं रूप लोकांना जरा वेगळं वाटतं, त्यामुळे होतं असं. बाईंनी ते ऐकून घेतलं, आणि प्रत्येक बूथचे आकडे मात्र जपून ठेवले.

सिनेटची गोष्ट आणखी विचित्र. टेक्सासच्या राज्यघटनेत कलम असं होतं की कुठल्याही काउंटीला एकच सिनेटर, मग तिची लोकसंख्या काहीही असो. १९६०च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या सुमारे ९५ लाख ८० हजार. सिनेटच्या जागा ३१. म्हणजे एका सिनेटरमागे सरासरी ३ लाख ९ हजार माणसं यायला हवीत. हॅरिस काउंटीत होती १२ लाख ४३ हजार, आणि सिनेटर एक. चार जणांचं काम एकाच्या नावावर, आणि उरलेल्या तीन जागा गुरंढोरं नि कापसाच्या मुलखात वाटलेल्या. जून १९६४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘रेनॉल्ड्स विरुद्ध सिम्स’ खटल्यात निकाल दिला की राज्यांच्या दोन्ही सभागृहांचे मतदारसंघ लोकसंख्येच्या प्रमाणातच हवेत. टेक्सासला नकाशा बदलावा लागला. ह्यूस्टनमध्ये नवे सिनेट मतदारसंघ पडले आणि त्यातला अकरावा फिफ्थ वॉर्डाभोवतीचा निघाला: कृष्णवर्णीय, मेक्सिकन वंशाचे, आणि कारखान्यांतल्या युनियनमधले गोरे कामगार.

जॉर्डननी नवा नकाशा आणि आपले जुने आकडे शेजारी ठेवले. दोन पराभवांत जे बूथ त्यांनी जिंकले होते, ते जवळपास सगळे या नव्या रेषेच्या आत होते. हरलेल्या निवडणुकांची आकडेवारी जपण्याचा कंटाळा करणाऱ्या उमेदवारांनी हे एवढं एक उदाहरण पाहावं.

दुसरा अडसर होता मतदान कराचा. टेक्सासमध्ये मत द्यायचं तर दरवर्षी दीड डॉलर राज्याचा कर, शिवाय काउंटीला वाटलं तर वर पंचवीस सेंट. आणि मुदत कोणती? ऑक्टोबर ते जानेवारी. मेमधल्या प्राथमिक निवडणुकीचे, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाचे, उमेदवारही लोकांना धड ठाऊक नसताना, नाताळचा खर्च नुकताच झालेला असताना, घरातल्या दोघा-तिघांचे पैसे भरून पावत्या सांभाळायच्या. रक्कम फार मोठी नव्हती, पण तारखा नेमक्या अशा होत्या की गरीब माणूस विसरेल किंवा टाळेल. फेब्रुवारी १९६६मध्ये टेक्सासमधल्या केंद्रीय न्यायालयाने हा कर राज्याच्या निवडणुकांसाठीही रद्द ठरवला.

७ मे १९६६ला डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक. त्या काळच्या टेक्सासमध्ये हीच खरी निवडणूक, नोव्हेंबरची फक्त औपचारिकता. समोर खालच्या सभागृहातले गोरे आमदार जे. सी. व्हिटफिल्ड. जॉर्डन जवळजवळ दोनास एक अशा फरकाने जिंकल्या. १८८३नंतर टेक्सासच्या सिनेटमध्ये कृष्णवर्णीय माणूस आला नव्हता, आणि कृष्णवर्णीय स्त्री तर कधीच नाही.

इथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ज्या नव्या नकाशाने जॉर्डनना जागा दिली, त्यानेच सिनेटमधल्या एकमेव स्त्रीची जागा घेतली. नेव्हिल कोलसन १९४९पासून सिनेटर होत्या. नव्या रेषांनी त्यांना दुसऱ्या एका विद्यमान सिनेटरसमोर उभं केलं आणि त्या हरल्या. त्यामुळे जानेवारी १९६७मध्ये जॉर्डन शपथ घ्यायला उभ्या राहिल्या तेव्हा उरलेले तीसच्या तीस पुरुष, आणि सगळे गोरे किंवा मेक्सिकन वंशाचे.

आता त्या सभागृहाचं यंत्र. टेक्सासचं विधिमंडळ दोन वर्षांतून एकदाच भरतं, विषम वर्षी, जानेवारीच्या दुसऱ्या मंगळवारपासून १४० दिवस. तेवढ्यात शेकडो विधेयकं. नियम सांगतो की विधेयकं समितीतून ज्या क्रमाने बाहेर आली त्याच क्रमाने चर्चेला घ्यायची. आणि प्रथा अशी की अधिवेशनाच्या सुरुवातीलाच एखादं निरुपद्रवी विधेयक समितीतून काढून यादीच्या डोक्यावर बसवायचं. त्याला म्हणतात ‘ब्लॉकर बिल’. अलीकडे अनेक वर्षं ते काउंटीच्या बागा सुशोभित करण्याचं असायचं. ते चर्चेला कधीच घेतलं जात नाही. मोरीच्या तोंडाशी बोळा कोंबावा तसं ते तिथे बसून राहतं. मग त्याच्या मागचं कुठलंही विधेयक घ्यायचं तर क्रम मोडण्याची परवानगी लागते, आणि त्या परवानगीला तेव्हा हजर सदस्यांच्या दोन तृतीयांश मतं लागत. ३१ जण हजर असतील तर २१. म्हणजे ११ जणांनी नाही म्हटलं की विधेयक मेलं.

यातली बारीक मेख ‘हजर’ या शब्दात आहे. समजा तुमच्याकडे बरोबर अकरा माणसं आहेत आणि त्यातला एक जण नेमका जेवायला गेला. हजर राहिले तीस. तीसचे दोन तृतीयांश म्हणजे वीस. समोर वीस आहेत. गेलं विधेयक पुढे, तुमच्या नाकावर टिच्चून. म्हणजे अकरा हा आकडा कागदावर पुरतो, सभागृहात पुरत नाही. बारावा गाठीला लागतो, किंवा मग अकराही जणांवर डोळा ठेवावा लागतो. उलट समोरच्यांचे दोन जण गैरहजर असले तर तुमचे दहाही भागवून नेतात, कारण २९चे दोन तृतीयांश म्हणजे किमान वीस मतं आणि त्यांच्याकडे उरतात एकोणीस. विधेयकाचा सूत्रधार म्हणूनच घाई करत नाही. तो रोज सकाळी हजेरी पाहतो आणि तुमचा माणूस आजारी पडण्याची वाट बघतो.

दुसरी मेख अशी: क्रम मोडायला नकार देणं आणि विधेयकाला विरोध करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्या सिनेटरला आपल्या मतदारांपुढे विधेयकाविरुद्ध मत दिलेलं दिसायला नको असतं. त्याला जॉर्डनसारखी व्यक्ती सांगू शकते, विरोध करू नकोस, फक्त ते वर येऊ देऊ नकोस. वर आलंच नाही तर तुला मत द्यायची वेळच येणार नाही. पडद्यामागच्या या सवलतीवर कितीतरी सौदे व्हायचे.

१९६७च्या त्या पहिल्याच अधिवेशनात मतदार नोंदणीचे नियम कडक करणारं एक विधेयक आलं. मतदान कर गेला होता, तर आता नोंदणीच्या अटींनी तेच काम साधायचं होतं. सिनेटमध्ये ३० डेमोक्रॅट आणि १ रिपब्लिकन होते, त्यामुळे पक्ष म्हणून मोजणीचा काही उपयोगच नव्हता. एकेक माणूस धरावा लागणार. जॉर्डननी भाषण ठोकलं नाही. त्या एकेका सिनेटरच्या टेबलाशी गेल्या. मेक्सिकन वंशाच्या मतदारांवर ज्यांची भिस्त होती त्यांना त्यांचा तोटा दाखवला, शहरी उदारमतवाद्यांना त्यांचा. दहा जणांचा शब्द घेतला, अकराव्या स्वतः. मग विधेयकाच्या सूत्रधाराकडे जाऊन सांगितलं, माझ्याकडे इतके आहेत. विधेयक वर आलंच नाही. वर्तमानपत्रात छापायला त्यात काहीच नव्हतं: ना चर्चा, ना मतदान.

ही ताकद कुठून आली? भाषणातून नक्कीच नाही. शहरांना विक्रीकर लावू देणाऱ्या विधेयकाविरुद्ध त्याच वर्षी त्या सभागृहात बोलल्या होत्या, गरिबाच्या खिशावर भार पडतो म्हणून. लोकांनी कान देऊन ऐकलं आणि विधेयक संमत केलं. ताकद आली ती माणसांत मिसळण्यातून. सॅन अँजेलोचे डॉर्सी हार्डमन हे कडवे पुराणमतवादी. पण नियमांचं पुस्तक त्यांच्याइतकं कोणाला पाठ नव्हतं. जॉर्डननी त्यांच्याशी मैत्री केली. संध्याकाळच्या बैठकींत त्या व्हिस्कीचा ग्लास घेऊन बसल्या, गिटार वाजवली, शिकारीच्या सहलींना गेल्या. ह्यूस्टनच्या काही कार्यकर्त्यांना हे रुचलं नाही. ज्यांनी आपल्याला इतकी वर्षं दाराबाहेर ठेवलं, त्यांच्यासोबत हसायचं कसं, असा प्रश्न होता आणि तो खोटा नव्हता. माझं मत बाईंच्या बाजूचं आहे. एका कृष्णवर्णीय मताला उरलेली दहा मतं कुठून आणायची, तर ती त्या तिसांतूनच आणावी लागणार होती. दुसरं दुकान नव्हतं.

१९६८ला त्या पुन्हा निवडून आल्या. पुढच्या वर्षी राज्याचा पहिला किमान वेतन कायदा झाला, केंद्राच्या कायद्यात न बसणाऱ्या कामगारांसाठी. कामावर जखमी होणाऱ्यांच्या भरपाईत वाढ झाली. राज्य सरकारच्या कंत्राटांत भेदभाव करणार नाही अशी अट घालण्यासाठी त्यांनी जोर लावला. हे सगळे तुकड्यातुकड्याचे कायदे आहेत. अर्धं मागायचं, पाव घ्यायचं, पुढच्या अधिवेशनात पुन्हा यायचं.

मग आलं १९७१, आणि त्यांच्या राजकारणातला सगळ्यात वादग्रस्त भाग. जनगणनेनंतर पुन्हा नकाशे. टेक्सासला अमेरिकी प्रतिनिधिगृहात एक जागा वाढून मिळाली, एकूण २४. सिनेटचे अध्यक्षपद भूषवणारे उपराज्यपाल बेन बार्न्स यांच्याशी जॉर्डनचं चांगलं जमत होतं, आणि प्रतिनिधिगृहाच्या मतदारसंघांची आखणी करणाऱ्या सिनेट समितीत त्या उपाध्यक्ष होत्या. ह्यूस्टनच्या मध्यभागी अठरावा मतदारसंघ तयार झाला, त्यांच्यासाठी बेतलेला म्हणावा असा. त्याच सुमारास राज्य सिनेटचा नकाशा पुनर्रचना मंडळाकडे गेला आणि त्यात त्यांच्या जुन्या अकराव्या मतदारसंघाचे तुकडे झाले. खालच्या सभागृहातले कृष्णवर्णीय आमदार कर्टिस ग्रेव्हज यांनी उघड आरोप केला: स्वतःला वॉशिंग्टनची जागा मिळावी म्हणून बाईंनी आपल्या लोकांची सिनेटची जागा विकली. १९७२च्या प्राथमिक निवडणुकीत ते त्यांच्याविरुद्ध उभेही राहिले आणि दणकून आपटले.

निकालाने आरोपाचं उत्तर मिळत नाही. जॉर्डन गेल्यावर १९७३ ते १९८३ अशी दहा वर्षं टेक्सासच्या सिनेटमध्ये एकही कृष्णवर्णीय सदस्य नव्हता. ज्या सभागृहात अकरांतला एक असणं त्यांनी इतक्या कष्टाने साधलं, तिथे तो एकही उरला नाही. सिनेटचा नकाशा त्यांच्या हातात नव्हता, मंडळात पाच पदाधिकारी होते, हे खरं. पण ज्या बाईंना प्रत्येक मत कुठे बसतं ते ठाऊक असायचं, त्यांना हे दिसलं नसेल असं मानणं मला जड जातं. दिसलं असावं, आणि त्यांनी वॉशिंग्टन निवडलं असावं.

२८ मार्च १९७२ला सिनेटने त्यांना हंगामी अध्यक्ष निवडलं. राज्यपाल आणि उपराज्यपाल दोघेही राज्याबाहेर गेले की राज्याचा कारभार या पदावरच्या व्यक्तीकडे येतो. प्रथेप्रमाणे ते दोघे एक दिवस मुद्दाम बाहेर जातात आणि हंगामी अध्यक्ष एका दिवसाचा राज्यपाल होतो. १० जून १९७२ हा जॉर्डन यांचा दिवस. ह्यूस्टनहून लोक आले, शाळांचे बँड, गायकवृंद. वडील बेंजामिन जॉर्डनही आले होते. त्या दिवशी समारंभातच त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि रुग्णालयात न्यावं लागलं. बाईंनी ठरलेला कार्यक्रम पार पाडला. दुसऱ्या दिवशी वडील गेले.

वॉशिंग्टनची सहा वर्षं सर्वांना माहीत आहेत, म्हणून त्यातलं एकच. १९७५ला मतदान हक्क कायद्याची मुदत वाढवताना जॉर्डननी त्याची कक्षा टेक्सासपर्यंत आणली. युक्ती भाषेची होती: जिथे मतदानवयातल्या नागरिकांपैकी पाच टक्क्यांहून अधिक लोक एकाच अल्पसंख्य भाषेचे आहेत, १९७२ला मतपत्रिका फक्त इंग्रजीत होत्या आणि नोंदणी किंवा मतदान निम्म्यापेक्षा कमी झालं, तिथे निवडणुकीचा कुठलाही नियम बदलण्याआधी केंद्राची मंजुरी लागेल. टेक्सास अख्खं त्यात आलं. राज्यातल्या बड्या डेमोक्रॅटांना हे नको होतं, त्यांच्यात बाईंचे जुने दोस्तही होते. १९७९ला निवडणुकीचं राजकारण सोडून त्या ऑस्टिनला टेक्सास विद्यापीठात शिकवायला गेल्या. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराने पुढे चालणं बंद झालं. १७ जानेवारी १९९६ला त्या गेल्या. ऑस्टिनच्या विमानतळाच्या टर्मिनलला त्यांचं नाव आहे आणि आत बसलेल्या मुद्रेतला ब्राँझचा पुतळा. नोकरीनिमित्त तिकडे असलेली कितीतरी मराठी माणसं बॅगा ओढत त्याच्यावरून जातात.

अकराच्या हिशेबाचं पुढे काय झालं, हेही सांगण्यासारखं आहे. मे १९७९मध्ये उपराज्यपाल बिल हॉबी यांनी ब्लॉकरला वळसा घालायचं मनावर घेतलं तेव्हा बारा सिनेटर गायबच झाले. गणसंख्या २१ लागते, उरले १९. त्यातले बहुतेक जण चार दिवसांहून जास्त ऑस्टिनमध्येच एका गॅरेजवरच्या खोलीत दडून बसले आणि राज्यभर पोलीस त्यांना शोधत होते. जानेवारी २००९ला सिनेटने नियमांत एक अपवाद घातला: मतदार ओळखपत्राच्या विधेयकाला दोन तृतीयांशाची अट लागू नाही. जॉर्डननी १९६७ला ज्या जातीचं विधेयक अकरा मतांनी अडवलं, नेमक्या त्याच जातीच्या विधेयकासाठी भोक पाडलं गेलं. २०११ला ओळखपत्राचा कायदा झाला, पण केंद्राच्या मंजुरीत अडकला, तीही जॉर्डन यांच्याच १९७५च्या कलमामुळे.

२५ जून २०१३ला सकाळी सर्वोच्च न्यायालयाने ‘शेल्बी काउंटी’ खटल्यात त्या मंजुरीची यादी ठरवणारं सूत्रच रद्द केलं. काही तासांत टेक्सासने जाहीर केलं की ओळखपत्राचा कायदा आजपासून लागू. आणि त्याच दिवशी सकाळी ११ वाजून १८ मिनिटांनी, ऑस्टिनला, सिनेटर वेंडी डेव्हिस गुलाबी धावण्याचे बूट घालून बोलायला उभ्या राहिल्या. गर्भपातावर निर्बंध घालणारं विधेयक मध्यरात्रीपर्यंत लांबवायचं होतं, कारण अधिवेशन तेव्हा संपत होतं. नियमित अधिवेशनात बारा डेमोक्रॅटांनी ब्लॉकरच्या जोरावर ते रोखलं असतं. पण हे विशेष अधिवेशन होतं आणि त्यात ब्लॉकर ठेवलाच नव्हता. मोजणी संपली की पायांवर उभं राहणं उरतं. नियम कडक: खायचं नाही, प्यायचं नाही, बसायचं नाही, टेबलाला टेकायचं नाही, विषय सोडायचा नाही. तीन चुका भरल्या की बोलणं थांबवण्यासाठी मतदान. पहिली चूक कुटुंबनियोजन संस्थेच्या निधीचा उल्लेख केल्याची, दुसरी एका सहकाऱ्याने पाठीचा पट्टा बांधायला मदत केल्याची, तिसरी २०११च्या सोनोग्राफी कायद्याचा उल्लेख केल्याची. रात्री दहाच्या सुमारास तिसरी भरली. मग गॅलरीतल्या लोकांनी एवढा गलका केला की मतदान मध्यरात्र ओलांडून गेलं आणि बाद ठरलं. पुढच्याच महिन्यात दुसरं विशेष अधिवेशन बोलावून विधेयक संमत झालं.

२०१४च्या निवडणुकीनंतर सिनेटमध्ये २० रिपब्लिकन आणि ११ डेमोक्रॅट उरले. जुन्या नियमाने अकरा पुरले असते. जानेवारी २०१५ला अट दोन तृतीयांशावरून तीन पंचमांशावर, म्हणजे १९वर आली. २०२०च्या निवडणुकीत रिपब्लिकन १८वर घसरले, तेव्हा जानेवारी २०२१ला अट पाच नवमांशावर, म्हणजे बरोबर १८वर आणली. आता अडवायला चौदा लागतात. त्या अधिवेशनात डेमोक्रॅट तेरा होते.